मधले दिवस



कर्करोगावर बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. मी डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करीत आलेला माणूस. तेव्हा हा विषय मी का घेतला याचा खुलासा आधी केला पाहिजे. संघटनेच्या माणसाला सभासदाबरोबर लेबर कोर्टात जावे लागते, मालकाच्या कचेरीत जावे लागते, तसे दवाखान्यातही जावे लागते. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार, साखर कारखान्यांतले हंगामी कामगार, कांड्या भरणाऱ्या बाया अशा बऱ्याच जणांबरोबर मी मिरजेला, कोल्हापूरला आणि मुंबईला गेलो. तिथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रोग कसा होतो यावर पुस्तके आहेत. शस्त्रक्रिया कशी करावी यावर तर मोठमोठे ग्रंथ आहेत. पण ‘कर्करोग आहे, ऑपरेशन करावे लागेल’ हे शब्द कानी पडल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर निजेपर्यंत जे दिवस जातात, कुणाचे दहा, कुणाचे वीस, कुणाचे चाळीस, त्या दिवसांचे काय करावे हे सांगणारा फारसा कुणी भेटत नाही. आजचे माझे बोलणे तेवढ्या मधल्या दिवसांपुरते आहे.

हे दिवस मोठे विचित्र असतात. रोग कालही अंगात होता, आजही आहे. एका दिवसात काही बदललेले नसते. पण नाव कळले की माणूस एका रात्रीत खचतो. घरातली माणसे हळू आवाजात बोलू लागतात. रात्री दोन वाजता जाग येते आणि हात आपोआप गाठीवर जातो: वाढली का? कामावर जावे तर लक्ष लागत नाही, घरी बसावे तर भिंती अंगावर येतात. ज्याने दिवाळी बोनसच्या संपात महिनाभर उपासमार हसत काढली, असा गडी या पंधरा दिवसांत मुलासारखा रडताना मी पाहिला आहे. त्याला दुखत काहीच नव्हते. वाट पाहणे त्याला सोसत नव्हते.

आपले गाव कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचे. वाट पाहणे म्हणजे काय, हे कुरुंदवाडकराला शिकवावे लागत नाही. २००५, २०१९, २०२१ हे महापूर आपण पाहिले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, हे आकडे आपल्याकडच्या पोरांनाही पाठ असतात. पूर येणार हे कळल्यापासून पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात दोन तऱ्हेची माणसे दिसतात. एक जण घाटावर उभा राहून किती पायऱ्या बुडाल्या तेवढे मोजत राहतो. दुसरा जनावरे सोडतो, धान्य माळ्यावर चढवतो, कागदपत्रे प्लॅस्टिकमध्ये बांधतो, म्हातारीला पाहुण्यांकडे पोचवतो. पाणी दोघांच्याही दारात सारखेच येते. दुसऱ्याला भीती कमी वाटते असेही नाही. फक्त त्याने आपल्या भीतीला कामाला लावलेले असते.

पण पुरात आणि या रोगात एक फरक आहे. पुराची वाट सारा गाव मिळून पाहतो. कर्करोगाची वाट एकट्याने पाहायची असते, निदान आपल्याकडे तशी रीत पडली आहे. ही रीत मोडली पाहिजे, असे मला वाटते. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी हा मधला काळ येतो कुठून ते पाहू. पुष्कळांना वाटते, गाठ सापडली, मग आज रात्रीच का कापत नाहीत? एक जुनी हकिकत सांगतो. फॅनी बर्नी नावाची एक इंग्रज लेखिका पॅरिसमध्ये राहत होती. १८११ साली तिच्या स्तनात गाठ आहे म्हणून शस्त्रक्रिया ठरली. नेपोलियनच्या सैन्यातील प्रसिद्ध शल्यविशारद लारे याने ती केली. तिला वाट पाहण्याचा त्रास नको, म्हणून डॉक्टरांनी दिवस आधी सांगितलाच नाही. काही तासांची पूर्वसूचना तेवढी दिली. ३० सप्टेंबर १८११ रोजी, भूल न देता, तिच्या राहत्या घरी स्तन कापून काढला. कारण भुलेचे औषध तेव्हा नव्हतेच. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक बोस्टनला झाले ते १८४६ साली. बर्नीबाई पुढे अठ्ठावीस वर्षे जगल्या. पण त्या दिवसाचे वर्णन त्यांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रात केले आहे, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

या हकिकतीतून मी एक अर्थ घेतो. गाठ खरोखर कर्करोगाची होती की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. रोग किती पसरला आहे हे पाहण्याचे यंत्र नव्हते. हृदय भूल सोसेल का, हा प्रश्नच नव्हता. म्हणून थांबण्याचेही कारण नव्हते. आज आपण थांबतो, त्यातला बराचसा काळ विज्ञानाने आपल्यासाठी कमावलेला आहे.

तो कसा जातो पाहा. गाठीचा तुकडा काढतात, त्याला बायोप्सी म्हणतात. तो औषधात मुरवावा लागतो, मेणात बसवावा लागतो, त्याचे पातळ काप घेऊन रंगवावे लागतात, आणि मग तज्ज्ञ ते पाहतो. कधी आणखी खास रंग लावून रोगाची जात ठरवावी लागते. याला काही दिवस जातात. मग सी.टी. स्कॅन, एम.आर.आय. वगैरे करून रोग कोणत्या टप्प्यात आहे ते ठरते. टप्प्यावर पुढचे सगळे अवलंबून. काही रुग्णांना आधी औषधे देऊन गाठ लहान करतात आणि नंतर शस्त्रक्रिया करतात. मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया करणारा, किरण देणारा आणि औषधे देणारा असे तिघे-चौघे डॉक्टर एकत्र बसून विचार करतात. नंतर भूल देणारा डॉक्टर हृदय, फुप्फुसे, साखर, रक्त तपासतो. हे दिवस रिकामे दिसतात, पण ते उपचाराचेच दिवस असतात.

‘पण तोवर रोग वाढेल त्याचे काय?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या जिभेवर असतो. याचे उत्तर दोन भागांत दिले पाहिजे, आणि दोन्ही भाग खरे आहेत. पहिला भाग असा की जी गाठ आज हाताला लागली, ती बहुधा कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे, अंगात वाढत आलेली असते. तपासण्यांसाठी गेलेल्या आठ-पंधरा दिवसांत सर्वसाधारणपणे बाजी पालटत नाही. काही रोग जलद वाढतात, त्यांच्या बाबतीत डॉक्टर स्वतःच घाई करतात. दुसरा भाग असा की फार लांबवणे खरोखरच महागात पडते. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यात एकत्र केली होती. शस्त्रक्रियेला चार आठवडे उशीर झाला की दर चार आठवड्यांमागे मृत्यूचा धोका सहा ते आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात दिसले.

म्हणजे मधल्या काळाचे दोन वाटे करता येतात. एक वाटा उपचाराचा आहे. तो धीराने सोसावा. दुसरा वाटा गरिबीने, कागदांनी, लाजेने आणि गैरसमजांनी आपल्यावर लादलेला आहे. तो सोसू नये, त्याच्याशी भांडावे. आमच्या संघटनेच्या कामात पहिला धडा हाच असतो. वाटाघाटीला लागणारा वेळ वेगळा आणि मालकाने नुसता काढलेला वेळ वेगळा. दोन्हींना एकच ‘थांबणे’ समजला तो कामगार बुडाला.

प्रथम दुसऱ्या वाट्याबद्दल बोलतो, कारण तो आपल्या हातात आहे.

सर्वांत मोठी अडचण पैशाची. यंत्रमागावरच्या माणसाला पिकावर मजुरी. माग चालला तर पैसा, माग थांबला तर काही नाही. त्यामुळे दवाखान्याची एकेक फेरी म्हणजे एकेका दिवसाची मजुरी गेली. ‘ऊस गेल्यावर बघू’, ‘हंगाम संपल्यावर बघू’, ‘पोरीचे लग्न उरकून बघू’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकले आहेत की त्यांची मला धास्ती वाटते. अशा माणसाला धीर धरा म्हणून उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याला रस्ता दाखवला पाहिजे, आणि रस्ते आहेत. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. केंद्राच्या २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली आहे, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची तीत सोय आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. पहिल्याच दिवशी त्याला गाठावे, शेवटच्या दिवशी नव्हे. कारण शस्त्रक्रियेची मंजुरी आधी घ्यावी लागते, आणि रेशनकार्डावरचे नाव व आधारवरचे नाव जुळत नाही एवढ्यावरून आठवडा गेलेला मी पाहिला आहे. तपासण्यांचे अहवाल येईपर्यंतचे दिवस हे कागद जुळवण्याचे दिवस आहेत.

कारखान्यातल्या कामगाराला कामगार राज्य विमा योजनेचा आधार असतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या असतील तर, ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. हे पुष्कळ कामगारांना माहीत नसते, आणि छोट्या कारखान्यांत कित्येकांचे नाव हजेरीपटावरच नसते. हजेरीपटावर नाव असावे म्हणून आम्ही वर्षानुवर्षे ओरडतो, तेव्हा लोकांना वाटते हा नुसता कागदाचा हट्ट आहे. त्या कागदाची किंमत अशा दिवशी कळते. मुंबईला जायचे तर कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि वातानुकूलित तिसऱ्या वर्गात भाड्याची पूर्ण सवलत आहे. सोबत्यालाही सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला ठरलेल्या नमुन्यात लागतो, तो वेळीच मागून घ्यावा.

मुंबई म्हटले की आपल्याकडे ‘टाटा’ हाच शब्द येतो. त्या रुग्णालयाचा इतिहासही जाणण्यासारखा आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या ऐन वस्तीत, टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९६२ सालापासून ते केंद्राच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे तिथे येतात, आणि बाहेरच्या पदपथावर अंथरूण टाकून राहिलेली कुटुंबे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असतील. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. पण मला सांगायचे ते हे की मुंबईच धरून बसावे असे नाही. मिरजेला, कोल्हापूरला, बार्शीला कर्करोगाची रुग्णालये आहेत. मुंबईचा सल्ला घ्यावा आणि शस्त्रक्रिया जवळ होत असेल तर जवळ करावी, असे डॉक्टरच पुष्कळदा सांगतात. केवळ नावाच्या हट्टापायी महिना घालवू नये.

पैशाइतकाच वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे मुहूर्त आणि मुळ्या. पितृपक्ष आहे, अधिक महिना आहे, गुरुवारी कापू नये, अमुक गावचा वैदू मुळी देतो आणि गाठ विरते. घरातल्या श्रद्धेची मी टिंगल करीत नाही. वाडीला जाऊन दत्तापुढे डोके टेकल्याने मन स्थिर होत असेल तर अवश्य जावे. नदी ओलांडली की वाडी. पण दर्शनाला एक सकाळ लागते, चाळीस दिवस लागत नाहीत. आणि मुळी किंवा काढा घेत असाल तर तो डॉक्टरांपासून लपवू नका. काही वनस्पतींनी रक्त गोठण्यास उशीर होतो, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ते जिवावर बेतू शकते.

तिसरी गोष्ट लाजेची. तोंडाचा रोग म्हणजे तंबाखूचे पाप, स्तनाचा किंवा गर्भाशयाचा म्हणजे बोलूच नये असा विषय. म्हणून लपवायचे, आणि लपवण्यात दिवस घालवायचे. शरद पवारांना २००४ च्या सुमारास तोंडाचा कर्करोग झाला. त्यांनी आपल्या सवयीबद्दल आणि आजाराबद्दल जाहीर सभांतून सांगितले. शेजारच्या तासगाव तालुक्यातले आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ रोजी याच रोगाने गेले, तेव्हा गावोगावी माणसे हळहळली. जिथे राज्याचे पुढारी सुटले नाहीत तिथे मागावरच्या माणसाने कसली लाज बाळगायची? आपल्या शिरोळ तालुक्यात या रोगाचे नाव निघाले की पंचगंगेचे पाणी आणि शेतातली औषधे यांची चर्चा सुरू होते. नदी स्वच्छ झालीच पाहिजे, तो लढा गावाने लढलाच पाहिजे. पण तो सभेत लढावा, रुग्णाच्या खाटेशी नको. ‘तू तंबाखू खाल्लीस म्हणून’ हे वाक्यही त्याला नको आणि ‘पाण्याने झाले’ हेही नको. त्या दिवसांत त्याला कारण नको असते, सोबत हवी असते.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आपल्या घरांतून रुग्णालाच सांगत नाहीत. ‘आईला काही बोलू नका हं, साधी गाठ आहे म्हणून सांगितलंय.’ हे प्रेमापोटी होते हे मी जाणतो. पण विचार करा. वाटाघाट माझ्या मजुरीची आणि सही दुसऱ्याची, असा करार आम्ही कधी मानला नाही. मग शरीर माझे आणि निर्णय भाऊबंदांचा, हे कसे मानावे? २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की सज्ञान स्त्री तपासणीसाठी भुलेखाली असताना तिच्या आईच्या संमतीने तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया करणे योग्य नाही. संमती तिचीच हवी. कायद्याची गोष्ट राहू द्या. आईला कळत नाही असे आपण समजतो, पण तिला कळलेले असते. सूनबाई अचानक गोड बोलू लागली, लांबचा भाचा भेटायला आला, डॉक्टरांनी मुलाला बाजूला नेले, एवढे तिला पुरते. मग ती आपल्यासाठी काही कळले नाही असे दाखवते आणि आपण तिच्यासाठी काही झाले नाही असे दाखवतो. एका घरात माणसे वेगवेगळी बसून तीच वाट पाहतात. सगळे एका दमात सांगू नये. ती विचारील तेवढे सांगावे. पण खोटे सांगू नये.

आता पहिल्या वाट्याकडे येतो, जो सोसायचाच आहे. तो कसा काढावा?

डॉक्टरांकडे एकट्याने जाऊ नये. ‘कर्करोग’ हा शब्द ऐकल्यावर पुढची दहा मिनिटे माणसाला काही ऐकू येत नाही. सोबत एक शांत डोक्याचा माणूस असावा आणि त्याच्या हाती वही असावी. प्रश्न घरी लिहून न्यावेत. रोग कोणता, टप्पा कोणता? काय काढणार, किती काढणार? शस्त्रक्रियेनंतर किरण किंवा औषधे लागतील का? बोलता, गिळता, हात वर करता येईल का? आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला आमचे लोक घाबरतात: तारीख कोणती, आणि ती पुढे गेली तर चालेल का? प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. एका सभासदाला तोंडाच्या कर्करोगासाठी गालाबरोबर मानेवरही शस्त्रक्रिया सांगितली होती. मानेत काही दिसत नसता मान का कापता, म्हणून तो रुसून बसला. टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी याच प्रश्नावर अभ्यास करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला आहे. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढल्या तर तीन वर्षांनी शंभरातले ८० रुग्ण हयात असतात. वाट पाहून, तिथे रोग दिसल्यावर काढल्या तर सुमारे ६७. हे ऐकल्यावर तो म्हणाला, ‘एवढेच होय? मग आधी का नाही सांगितले?’ कारण कळले की त्याची निम्मी भीती गेली.

शरीराची तयारी हे दुसरे काम. आमच्या पैलवानी मुलखात हे समजायला अवघड नाही. कुस्ती ठरली की माणूस मेहनतीला लागतो. तंबाखू, विडी, मिश्री त्याच दिवशी बंद. धूम्रपान शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधी थांबले तर छातीचे आणि जखमेचे त्रास कमी होतात, आणि दिवस थोडे मिळाले तरी थांबवणे फायद्याचेच. साखर असेल तर ती ताब्यात आणावी. रोज जमेल तेवढे चालावे, घाटाच्या पायऱ्या दमाने चढाव्यात-उतराव्यात. रुग्णालयात श्वास आत ओढायचे तीन गोळ्यांचे यंत्र देतात, ते खेळणे समजू नये. फुप्फुसे त्याने तयार होतात. उपास करू नयेत. डाळ, दूध, अंडी, मटण, ज्याच्या घरी जे चालते ते खावे. तोंड उघडत नसेल तर नाचणीची आंबील, खिमट, ताक, पातळ डाळ घ्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगावी. मनाने बंद करू नये आणि मनाने चालूही ठेवू नये. तोंडाच्या रुग्णाने दात आधी तपासून घ्यावेत, कारण पुढे जबड्याला किरण द्यायचे तर किडके दात त्रास देतात.

तिसरे काम पुढच्या दिवसांची तयारी. जबड्याची शस्त्रक्रिया झाली की काही दिवस बोलता येत नाही, नाकातल्या नळीने अन्न जाते. इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कामगाराला सहीपुरतेच लिहिता येत होते. त्याच्या दहावीतल्या मुलीने आणि त्याने पंधरा दिवस बसून हातांच्या खुणा ठरवल्या: पाणी, दुखते, उशी, नर्सला बोलाव, आणि ‘तू जेवलीस का?’ ही शेवटची खूण त्याने स्वतः घातली. शस्त्रक्रियेनंतर पहिली खूण त्याने तीच केली. स्तनाची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर त्या बाईला आपल्या शरीराबद्दल जे वाटते ते नवऱ्याशी, बहिणीशी आधी बोलता आले पाहिजे. ‘जीव वाचतो आहे ना, मग कसले रडणे?’ असे तिला म्हणू नये. जे जाणार आहे त्याचे दुःख आधी करण्याचा तिला हक्क आहे.

आणि रात्रीचे काय? रात्रीला माझ्याकडे औषध नाही. एवढे पाहिले आहे की दिवस ज्याचा भरलेला असतो त्याची रात्र थोडी आखूड होते. जमत असेल तोवर कामावर जावे. मागाच्या खडखडाटात मन दुसरीकडे जात नाही. भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीला आवर घालावा. ज्याच्या ओळखीतला कुणी याच रोगाने गेला त्याला ती गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. घरातल्या एकाने निरोप्याचे काम पत्करावे आणि रोज संध्याकाळी सर्वांना एकच खबर द्यावी. झोप अजिबात येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना तेही सांगावे. तीही आजाराचीच एक बाजू आहे, त्यावर उपचार आहेत.

मी आपल्याला फसवू इच्छित नाही. सर्वच शस्त्रक्रिया यशस्वी होत नाहीत. काहींना वाट पाहून शेवटी ‘आता शस्त्रक्रिया करण्यासारखी राहिली नाही’ हे ऐकावे लागते. माझ्याबरोबर गेलेले काही जण आज नाहीत. मग या साऱ्या तयारीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मला दिसले ते असे की ज्यांनी हे दिवस जाणतेपणाने काढले, घरच्यांशी मोकळे बोलले, कर्जाचा हिशेब लिहून ठेवला, भावाशी धरलेला अबोला सोडला, त्यांचे ते दिवस वाया गेले नाहीत. तेही आयुष्याचेच दिवस होते.

आता शेवटचे, ज्याचा मघाशी उल्लेख केला. पुरात आपण काय करतो? ट्रॅक्टर कुणाचा, नाव कुणाची, शाळेत स्वयंपाक कोण करणार हे कुणी हुकूम न देता ठरते. मशिदीत गणपती बसवणारे हे गाव आहे. एकमेकांच्या दारी जाणे आपल्याला शिकवावे लागत नाही. मग कर्करोगाच्या माणसाच्या दारी जाताना आपले पाय का अडखळतात? काय बोलावे हे कळत नाही म्हणून. बोलू नका. काम वाटून घ्या. एकाने त्याच्या कागदांची फाइल सांभाळावी. एकाने मिरजेच्या फेऱ्यांना गाडीची सोय पाहावी. एकाने धारेची, वैरणीची जबाबदारी घ्यावी. चौघांनी रक्त द्यावे. आणि एकाने रुग्णाच्या बायकोला किंवा आईला एक दुपार झोपू द्यावे, कारण तीही वाट पाहते आहे आणि तिला कुणी कशी आहेस म्हणून विचारीत नाही. प्रत्येक तरुण मंडळाने, प्रत्येक युनियनने, प्रत्येक महिला मंडळाने अशी चार-पाच माणसांची तुकडी तयार ठेवली, तर लादलेल्या दिवसांचा वाटा निम्म्याने कमी होईल, अशी माझी खात्री आहे. याला देणगी लागत नाही, इमारत लागत नाही. वही लागते, फोन लागतो, आणि सकाळी सातला दारात उभा राहणारा माणूस लागतो.

आज या मंडपात बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी कदाचित हे दिवस चालू असतील. त्यांना माझी विनंती आहे, जाताना शेजाऱ्याला सांगून जा. आणि ज्यांच्या घरी नाहीत त्यांना विनंती आहे, उद्या सकाळी कुणाच्या दारी जायचे ते आज रात्री ठरवा.